बाईकला काही लावण्याआधी: कोल्हापूरच्या रस्त्यांवरचा हिशेब

बाईकवर कुठलीच गोष्ट फुकट बसत नाही. दुकानदाराला दिलेले पैसे सोडा, ते एकदाच जातात. खरी किंमत गाडीचा दुसरा कुठला तरी भाग रोज भरत राहतो. रुंद टायरची किंमत ॲव्हरेज भरतं. जादा दिव्यांची किंमत बॅटरी भरते. उंच हँडलचा ताण क्लच केबलवर आणि ब्रेकच्या पाइपवर येतो. कान फाडणारा सायलेन्सर बसवला तर एखाद्या सकाळी दसरा चौकात दंड तुम्ही स्वतःच भरता. मॉडिफिकेशन म्हटलं की विषय किचकट वाटतो, पण एक प्रश्न हाताशी ठेवला तर बराचसा सुटतो: हे लावलं तर भरणार कोण?

हा लेख लडाखला निघालेल्यांसाठी नाही. सोमवार ते शनिवार शाहूपुरी, राजारामपुरी, नाहीतर शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत ड्यूटी, आणि रविवारी पन्हाळा, जोतिबा, हौस असली तर गगनबावडा किंवा राधानगरी-दाजीपूर, असं ज्यांच्या 100 ते 350 सीसीच्या गाडीचं आयुष्य आहे, त्यांच्यासाठी आहे. अशी गाडी रात्री घरी येते. तिला तीन पेट्या, दोन जेरीकॅन आणि उंटासारखी उंची लागत नाही. तिला लागतं ते आपल्या भागातल्या तीन गोष्टींना तोंड देणं. पहिली म्हणजे पाऊस: शहरात वर्षाला साधारण 1000 मिलिमीटर, आणि पंचावन्न किलोमीटरवरच्या गगनबावड्यात 5000च्या पुढं. दुसरी ऊस हंगामातली रात्र, म्हणजे समोर बिनदिव्याची ट्रॉली आणि खाली सांडलेला ऊस. तिसरी दाभोळकर कॉर्नरसारख्या सिग्नलवर क्लच दाबून काढलेली संध्याकाळ.

टायर आणि हवा

नवीन काही घ्यायच्या आधी टायरकडं बघा, कारण गाडीचा रस्त्याशी संबंध फक्त तिथंच येतो. दोन्ही टायर मिळून तळहाताएवढा रबर जमिनीला टेकलेला असतो. इंजिनची ताकद, ब्रेक, चाक लॉक होऊ न देणारं एबीएस, वळणावरचं झुकणं, सगळं त्या तेवढ्या रबरातून जातं.

हवा कमी असली की टायरच्या भिंती वळणावर दुमडतात, टायर तापतो, कडेनं झिजतो, पेट्रोल जास्त जातं. हवा जास्त असली की टायर मधोमध फुगतो, रस्त्याला टेकणारा भाग लहान होतो आणि ओल्या डांबरावर ब्रेक मारला की गाडी घसरत जाते. किती हवा हवी ते चेनकव्हरवर किंवा मागच्या आर्मवर चिकटवलेल्या स्टिकरवर असतं. 100 ते 160 सीसीच्या बहुतेक गाड्यांना पुढं 25 आणि मागं 28 ते 33 पीएसआयच्या आसपास. मागचे दोन आकडे दिलेले असतात, एक एकट्यासाठी आणि एक दोघांसाठी. ते सजावटीला छापलेले नाहीत. रविवारी मागं कोणी बसणार असेल तर शनिवारी रात्रीच मागची हवा वाढवून ठेवा. मोजमाप टायर थंड असतानाचं असतं. जोतिबाचा डोंगर चढून वर गेल्यावर हवा मोजली तर ती तापून वाढलेली दिसणारच, ती कमी करू नका. नायट्रोजनचा आग्रह धरणाऱ्यांना धरू द्या. साध्या हवेतही 78 टक्के नायट्रोजनच असतो. पंधरवड्याला एकदा साधी हवा तपासणारा माणूस वर्षातून एकदा नायट्रोजन भरणाऱ्यापेक्षा पुढं असतो.

दुचाकीच्या टायरची नक्षी किमान 0.8 मिलिमीटर खोल हवी, असा नियम आहे. गगनबावड्यापुढच्या करूळ घाटातल्या पावसात तेवढ्यावर भागत नाही. नक्षीचं काम टायरखालचं पाणी बाजूला फेकणं. खोली संपली की पाणी खालीच राहतं आणि टायर पाण्यावर तरंगायला लागतो. जूनच्या आधी नक्षी दीड-दोन मिलिमीटरवर आली असेल तर टायर तेव्हाच बदलावा. दिवाळीपर्यंत ढकलण्यात वाचतात ते पैसे थोडे असतात. टायरच्या भिंतीवर चार आकडे एका चौकटीत असतात: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. 2323 म्हणजे 2023 सालचा तेविसावा आठवडा. नवीन टायर घेताना हे वाचा. दुकानात तीन वर्षं पडून राहिलेला टायर नवाच दिसतो, पण रबर कडक झालेला असतो.

आता रुंद टायर. दिसायला लय भारी, हे मान्य. पण रिमच्या रुंदीपेक्षा फार मोठा टायर बसवला की त्याच्या दोन्ही कडा आत ओढल्या जातात आणि माथा गोल, उंच होतो. रुंद टायर घेऊनही सरळ जाताना रस्त्याला टेकणारा पट्टा अपेक्षेएवढा वाढत नाही, वळणात गाडी उशिरा झुकते, आणि वजन वाढल्यामुळं इंजिनला तो टायर फिरवायला जास्त खर्च येतो. काही गाड्यांत तो चेनकव्हरला घासतो. व्यास बदलला तर स्पीडोमीटर चुकतं, एबीएसचं गणितही थोडं हलतं. कंपनीनं दिलेल्या मापापेक्षा एक पायरी मोठा टायर त्याच रिमसाठी शिफारस केलेला असेल तर चालतो. त्यापुढं जायचं तर रिमसकट विचार करावा लागतो, आणि तेव्हा तो खर्च रोजच्या गाडीला शोभत नाही.

ठोकळ्यांच्या नक्षीचे टायर शेताकडं, मळ्याच्या वाटेवर उत्तम. पण डांबरावर त्या ठोकळ्यांमधल्या रिकाम्या जागेमुळं रबर कमी टेकतं. ज्याचा नव्वद टक्के प्रवास डांबरावर आहे त्यानं ते लावून दाजीपूरच्या पावसात जोरात ब्रेक मारू नये.

अंगाला बसवण्यासाठी पाना पुरतो

पाठ दुखते म्हणून हँडल बदलायला निघालेल्यांनी आधी एक दहा मिनिटांचं काम करून बघावं. क्लच आणि ब्रेकचे लिव्हर हँडलवर एका क्लॅम्पनं बसवलेले असतात. तो सैल करून लिव्हर खालीवर फिरवता येतो. सीटवर नेहमीसारखं बसून बोटं लिव्हरवर ठेवली तेव्हा कोपरापासून बोटांपर्यंत हात सरळ रेषेत यायला हवा. बहुतेक गाड्यांत लिव्हर थोडे वर असतात, मनगट मुडपतं, आणि तासाभरानं दुखायला लागतं ते मनगट, दोष मिळतो हँडलला. गिअरचा पायही असाच वरखाली करता येतो. पावसाळी जाड बूट घालणाऱ्यांनी तो थोडा वर घ्यावा. या कामाचे पैसे कोणीच भरत नाही.

त्यानंतर मागचे शॉकअप. बहुतेक गाड्यांत त्यांना पाच खाचा असतात आणि टूलकिटमध्ये हुकासारखा वाकडा पाना असतो, जो कित्येकांनी हातातही घेतलेला नसतो. खाच वाढवली की स्प्रिंग कडक होते असा समज आहे. स्प्रिंग तीच राहते, फक्त आधीपासून थोडी दाबून ठेवली जाते, त्यामुळं वजन बसल्यावर गाडीचं मागचं अंग कमी खाली जातं. एकटे असताना दुसरी खाच आणि मागं माणूस व सामान असताना चौथी, एवढं केलं तरी गाडी खड्ड्यात तळाला बसायची थांबते. शिवाय मागचं अंग दबलं की पुढचा दिवा आकाशाकडं बघतो. समोरचा माणूस शिव्या देतो त्या दिव्याला, दोष असतो शॉकअपच्या खाचेत.

एवढं करूनही हँडल बदलावंच वाटलं तर नवीन हँडल पूर्ण डाव्या-उजव्या बाजूला वळवून बघा: क्लचची केबल, थ्रॉटलची केबल आणि ब्रेकचा पाइप यांपैकी काहीही ताणलं जात असेल तर ते हँडल तुमच्या गाडीचं नाही. इंजिन चालू ठेवून हँडल वळवल्यावर इंजिनचा आवाज आपोआप वाढला, तर थ्रॉटल केबल ओढली जाते आहे. वळणावर असं झालं तर काय होईल ते सांगायला नको.

दिवे, वायर आणि करंट

नोव्हेंबर ते मार्च कोल्हापूरच्या कुठल्याही बाजूनं रात्री बाहेर पडा: शिरोळ, कागल, करवीर, पन्हाळा तालुका, सगळीकडं ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या, वरून ऊस लोंबतोय आणि मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. जादा दिवे लावावेत असं वाटण्यामागचं हे अगदी खरं कारण आहे. पण आधी असलेला हेडलाइट सरळ करा. तुमच्या नेहमीच्या वजनानं, टायरमध्ये बरोबर हवा भरून, भिंतीसमोर गाडी उभी करा. लो बीमचा वरचा काठ हेडलाइटच्या उंचीच्या थोडा खाली पडला पाहिजे. हेडलाइटखालचा किंवा बाजूचा एक स्क्रू फिरवून हे जमतं.

दुसरी गोष्ट, जुन्या पिवळ्या बल्बच्या जागी बाजारातला पांढरा एलईडी बल्ब. आतला आरसा हा त्या पिवळ्या बल्बची तार नेमकी जिथं असते तिथून येणारा प्रकाश पुढं फेकण्यासाठी घडवलेला असतो. एलईडीची चिप त्या जागी नसेल तर प्रकाश भरपूर येतो, पण पसरतो. आपल्याला वाटतं उजेड पडला, समोरच्याचे डोळे दिपतात, आणि लांबची ट्रॉली तशीच अंधारात राहते. कंपनीनंच एलईडी हेडलाइट दिलेला असेल तर प्रश्न नाही, कारण त्याचा आरसाच वेगळा असतो.

आता जादा दिव्यांचं गणित. 20 वॅटचे दोन दिवे म्हणजे 40 वॅट. बाईकची बॅटरी 12 व्होल्टची. 40 भागिले 12, म्हणजे सुमारे 3.3 अँपिअर. म्हणजे तुम्ही गाडीला आणखी एक हेडलाइट लावला. छोट्या गाडीची बॅटरी 4 अँपिअर-तासांची असते. चार्जिंग बंद पडलं तर एवढ्या दोन दिव्यांनीच ती सव्वा तासाच्या आसपास संपवायची. चार्जिंग करतो तो इंजिनमधला स्टेटर, आणि तो इंजिन फिरतं तेवढाच करंट देतो. घाटात इंजिन जोरात फिरताना भरपूर मिळतो, सिग्नलवर इंजिन मंद फिरताना फारच थोडा. त्यामुळं जादा दिवे लावून शहरात फिरणाऱ्याची बॅटरी हळूहळू उतरते आणि दोष बॅटरी बनवणाऱ्याला मिळतो.

हे तपासायला साधा मल्टिमीटर पुरतो. गाडी बंद असताना बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते. इंजिन थोडं वाढवून ठेवल्यावर 13.8 ते 14.5 दिसायला हवे. सगळे दिवे लावून गाडी न्यूट्रलवर मंद चालू ठेवा: आकडा 12.6च्या खाली घसरत राहिला तर तुम्ही कमाईपेक्षा जास्त खर्च करताय. शहरात ते दिवे बंद ठेवायचे, एवढाच उपाय.

वायरिंग कसं करायचं, यात मेस्त्रीवर सोडू नये अशा दोन गोष्टी आहेत. दिव्याला करंट थेट बॅटरीकडून, मध्ये रिले घालून द्यावा. रिले म्हणजे लहान करंटनं मोठा करंट चालूबंद करणारा स्विच. हँडलवरच्या नाजूक बटणातून तेवढा भार गेला तर ते जळतं. आणि बॅटरीपासून निघाल्याबरोबर फ्यूज. 3.3 अँपिअरला 5चा फ्यूज पुरतो. 20चा लावला तर वायर वितळेल पण फ्यूज जाणार नाही. मूळ वायरिंग कापून जोड दिला तर वॉरंटीचं काय होतं, ते सर्व्हिस सेंटरमध्ये आधीच विचारून घ्या. मोबाइल चार्जर मात्र बिनधास्त लावा. 5 व्होल्टला 2 अँपिअर म्हणजे 10 वॅट, बॅटरीकडून जेमतेम एक अँपिअर. तो चावी बंद केल्यावर बंद होणारा असावा, नाहीतर रात्रभर थेंबाथेंबानं बॅटरी पितो.

लाल रिफ्लेक्टर पट्टी मागच्या फेंडरवर आणि हेल्मेटच्या मागं चिकटवा. तिला ना बॅटरी लागते, ना वायर. या अख्ख्या लेखात तिच्याएवढं स्वस्त काही नाही.

पुंगळी

सायलेन्सरची पुंगळी, म्हणजे आतला आवाज दाबणारा भाग, काढल्यानं गाडी पळते, हा समज आपल्याकडं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. 1 एप्रिल 2020 पासून विकल्या गेलेल्या बीएस-6 गाड्यांत सायलेन्सर हा नुसता पाइप नसतो. त्यात धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो आणि वाटेवर ऑक्सिजन सेन्सर. सेन्सर धुरातला ऑक्सिजन मोजून इंजिनच्या संगणकाला सांगतो, आणि तो त्यानुसार पेट्रोल कमीजास्त करतो. बाहेरचा मोकळा पाइप बसवला की हे गणित बिघडतं. मिश्रणात हवा जास्त होऊ शकते, गाडी गॅस सोडताना फटफट आवाज करते, इंजिन जास्त तापतं, डॅशबोर्डवर इंजिनचा दिवा लागतो. संगणकाची सेटिंग न बदलता ताकद वाढली असं वाटतं, ती बहुतेक वेळा कानाला वाटलेली असते.

कायद्याचंही ऐका. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार आरसी बुकातल्या मूळ माहितीशी न जुळणारा बदल मालकाला करता येत नाही. कलम 182अ नुसार परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आवाज आणि धुराची मर्यादा मोडली तर कलम 190 मध्ये 10,000 रुपयांपर्यंत दंड आणि तीन महिने लायसन्स रद्द. रंग बदलायचा असेल तर आरटीओत नोंद करून घ्या. आणि साडीगार्ड काढू नका. मागच्या चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारं संरक्षण असावं, हा नियम आहे, आणि ओढणी-पदर चाकात अडकून झालेले अपघात बघितलेला कुठलाही मेस्त्री तुम्हाला तो का आहे ते सांगेल. अपघातानंतर विमा कंपनीही गाडीत न कळवलेला बदल सापडला की दावा अडवू शकते.

सामान, गार्ड आणि उद्यमनगर

बैलगाडीत माल मागं जास्त भरला की गाडी उलाळ होते, जू वर उचललं जातं. बाईकवर टॉपबॉक्स भरला की तसंच काहीसं होतं. तो मागच्या चाकाच्या आसापलीकडं असतो, म्हणून त्यातलं वजन पुढचं चाक हलकं करतं. पुढचं चाक हलकं म्हणजे हँडल थरथरतं, आणि पुढचा ब्रेक, जो गाडी थांबवण्याचं बहुतेक काम करतो, त्याला पकड मिळत नाही. जड वस्तू, म्हणजे पाना, कुलूप, पाण्याच्या बाटल्या, टाकीवरच्या बॅगेत किंवा सीटला लागून खाली घ्या. टॉपबॉक्समध्ये रेनकोट आणि डबा. रॅकवर किती किलो चालतं तो आकडा त्यावरच छापलेला असतो, बहुधा 3 ते 5 किलो, आणि रिकामा बॉक्सच त्यातला मोठा भाग खातो.

लेगगार्डच्या बाबतीत कोल्हापूरला एक सोय आहे आणि एक धोका. शिवाजी उद्यमनगरात लेथ, वेल्डिंग, पाइप वाकवणं, सगळं एका गल्लीत होतं. कंपनीच्या किमतीच्या निम्म्यात कुणीही दणकट गार्ड करून देईल. धोका त्या दणकटपणातच आहे. गार्ड वाकायला हवा. तो वाकला नाही तर पडल्यावरचा धक्का तो थेट फ्रेमच्या माउंटिंगला देतो. वाकलेला गार्ड बदलता येतो, वाकलेली फ्रेम नाही. गाडीवर थेट वेल्डिंग करावं लागलंच तर आधी बॅटरीची तार आणि इंजिनच्या संगणकाचा सॉकेट काढायला लावा, नाहीतर एका ठिणगीत हजारो रुपयांचा डबा जातो. आणि ब्रॅकेट, बुश, रॅकची पट्टी असं बोल्टनं बसणारं काहीही बनवून घ्यायचं असेल, तर त्यासाठी या शहरासारखी जागा शोधून सापडणार नाही.

चेन, तेल आणि घाटातले ब्रेक

देखभालीचे सगळे तक्ते गाडीच्या पुस्तकात असतात. ते इथं उतरवत नाही. जिथं आपल्याकडं हमखास चुकतं तेवढंच सांगतो.

चेन. दर 500 किलोमीटरला पुसून तेल, आणि पावसात भिजली तर त्याच दिवशी. केरोसीन आणि मऊ ब्रशनं धुवा. पेट्रोल किंवा तारेचा ब्रश वापरला तर चेनमधल्या रबरी ओ-रिंगा खराब होतात आणि आतलं कंपनीनं भरलेलं ग्रीस बाहेर येतं. तेल गाडी फिरवून आणल्यावर, चेन कोमट असताना, खालच्या बाजूच्या आतून लावायचं, म्हणजे चाक फिरल्यावर ते बाहेर फेकलं जाताना दुव्यांतून जातं. मग जास्तीचं पुसून टाका. तेल थबथबलेलं ठेवून जोतिबाच्या यात्रेला गेलात तर गुलाल आणि धूळ मिळून त्याचा घासणारा लेप होतो. ढिलेपणा बहुतेक गाड्यांना 20 ते 30 मिलिमीटर. चेन फार ताणून ठेवणारे मेस्त्री बेअरिंगचं आयुष्य कमी करतात. मागं माणूस बसला, मागचं अंग खाली गेलं की चेन आणखी ताणली जाते, तेवढी सवलत तिला ठेवावी लागते. बदलताना चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट, म्हणजे तिची दातेरी चक्रं, एकत्र बदला. झिजलेल्या दातांवर नवी चेन काही महिन्यांत म्हातारी होते.

इंजिन ऑइल. डब्यावर 10W-30 किंवा 20W-40 असं असतं. पहिला आकडा थंड असताना तेल किती सहज वाहतं ते सांगतो, दुसरा तापल्यावर ते किती घट्ट राहतं ते. यापेक्षा महत्त्वाची अक्षरं आहेत जासो एमए किंवा एमए-2, म्हणजे हे तेल बाईकच्या क्लचला चालतं याची खूण. बाईकमध्ये क्लचच्या प्लेटा त्याच तेलात भिजलेल्या असतात. कारच्या तेलात घर्षण कमी करणारी रसायनं असतात. ती क्लचलाही घसरवतात. गॅस दिला की इंजिनचा आवाज वाढतो आणि गाडी पळत नाही, असं तेल बदलल्याबरोबर सुरू झालं, तर डबा कसला होता ते विचारा. आणखी एक: घर ते ऑफिस तीन-चार किलोमीटर असणाऱ्यांचं इंजिन पुरेसं तापतच नाही, आत जमलेली वाफ बाहेर जात नाही. त्यांनी किलोमीटर पुरे झाले नाहीत तरी वर्षातून एकदा तेल बदलावंच.

पेट्रोलबद्दल तक्रार सगळ्यांची आहे, तेव्हा थोडं. पंपावर आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं असतं. ते आपल्याच भागातल्या कारखान्यांच्या डिस्टिलरीत उसापासूनही होतं. इथेनॉलमध्ये लिटरमागं ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एकतृतीयांशानं कमी, त्यामुळं ॲव्हरेज थोडं पडणारच, त्याचं खापर मेस्त्रीवर फोडू नका. इथेनॉल पाणी ओढून घेतं. थोडं पाणी ते सामावून घेतं, जास्त झालं की पाणी आणि इथेनॉल वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं. पावसाळ्यात गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर टाकी अर्धी न ठेवता भरून ठेवा. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीचे रबरी पाइप फुगले, चिरले आहेत का, ते सर्व्हिसिंगला बघायला सांगा.

आणि ब्रेक. पन्हाळ्याहून किंवा जोतिबावरून खाली येताना गाडी न्यूट्रलला टाकून, कधी इंजिनच बंद करून येणारे बरेच दिसतात. पेट्रोल वाचतं म्हणतात. इंजेक्शनच्या गाडीत उलटं होतं: गिअरमध्ये असताना थ्रॉटल सोडला की संगणक पेट्रोल बंद करतो, चाकंच इंजिन फिरवत राहतात. न्यूट्रलला मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतंच. शिवाय न्यूट्रलला सगळा भार ब्रेकवर येतो. ड्रम तापले की लायनरची पकड सुटते. डिस्कच्या तेलाला वेगळाच त्रास आहे: ते हवेतली ओल शोषतं. नवं डॉट-4 तेल 230 अंशांपर्यंत उकळत नाही, ओल शोषलेलं 155 अंशांनाच उकळू शकतं. उकळलं की पाइपमध्ये बुडबुडे होतात आणि लिव्हर हँडलला टेकतो, गाडी थांबत नाही. म्हणून ते तेल दोन वर्षांनी बदलायचं, डबीत भरलेलं दिसत असलं तरी. आणि घाट ज्या गिअरमध्ये चढला त्याच गिअरमध्ये उतरायचा. गगनबावड्यापुढं खाली कोकणात उतरायचं असेल तर करूळ आणि भुईबावडा यातला कुठला घाट चालू आहे ते आधी विचारून घ्या. पावसाळ्यात दरडीमुळं एखादा बंदच असतो.

पुराचं पाणी

2019 आणि 2021च्या पुरानंतर कोल्हापूरकराला पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी सांगावी लागत नाही: 39 फूट इशारा, 43 फूट धोका. गाडीच्या दृष्टीनं 39 हाच धोका समजा आणि ती वरच्या गल्लीत लावून या.

बुडालीच तर एक गोष्ट करू नका: बटण दाबू नका, किकही मारू नका. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना पिस्टन वर आला की कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि मग काम इंजिन उघडण्यापर्यंत जातं. बॅटरीची तार काढा, गाडी ढकलत न्या. प्लग काढून सिलिंडरमधलं पाणी बाहेर काढायचं, एअर फिल्टर बदलायचा, इंजिन ऑइल दुधासारखं झालं असेल तर ते काढून नवं घालायचं, थोडं चालवून पुन्हा काढायचं, टाकी आणि पेट्रोलचा पाइप रिकामा करायचा. चाकांची बेअरिंगं आणि ब्रेकचे ड्रम उघडून साफ करायचे. हे शेवटचं बरेचजण विसरतात आणि महिन्याभरानं मागचं चाक घरघरायला लागतं. पाणी नुसतं आसापर्यंत आलं असलं तरी बेअरिंग बघाच. विम्यात थर्ड पार्टीखेरीज स्वतःच्या नुकसानीचं कव्हर असेल तर पुराचे पैसे मिळतात, पण बुडालेली गाडी चालू करायला गेल्यामुळं झालेलं इंजिनचं नुकसान कंपनी नाकारू शकते. आधी फोटो, मग कंपनीला फोन, मग गॅरेज.

सोबत काय न्यायचं

आयएसआयचा शिक्का असलेलं, पट्टा खरोखर लावलेलं हेल्मेट. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट वरून धड दिसलं तरी बदला. आतला थर्माकोल एकदाच दबतो. सीटखाली जादा फ्यूज, क्लच केबल, प्लग आणि प्लगचा पाना. मागच्या आसाच्या नटाला लागणारा पाना टूलकिटमध्ये खरंच आहे का ते घरीच लावून बघा. ट्यूबलेस टायर असेल तर पंक्चरचं किट आणि हातपंप किंवा छोटा इलेक्ट्रिक पंप. तारांच्या चाकाला आत ट्यूब असते, तिथं हे किट चालत नाही. जादा ट्यूब आणि चाक काढता येणं, दोन्ही लागतं. किटमधल्या रबर सोल्यूशनची ट्यूब एकदा उघडली की काही महिन्यांत सुकते. पावसाळ्याआधी ती दाबून बघा, कडक लागली तर नवी घ्या.